गोबरगॅसचा ड्रम

"ड्रम चढून नाई राह्यला," काकूने फोनवर सांगितले. एवढे बोलताना ती मध्ये दोनदा थांबली. तिला दम लागत होता. म्हणजे ती पुन्हा चुलीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळून स्वयंपाक करू लागली होती.

काकांचे घर महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यात नार्नूरच्या बाजूला, मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका लहान गावात आहे. वडिलांची नोकरी फिरतीची असल्यामुळे शाळेची पहिली सात वर्षे मी त्याच घरात काढली. घरामागे गोठा आहे आणि गोठ्यामागे गोबरगॅसची टाकी. टाकी म्हणजे विटांनी बांधलेली, दीड पुरुष खोल, गोल विहीरच. तिच्यात पाण्यात कालवलेले शेण असते आणि त्यावर लोखंडी ड्रम पालथा घातलेला असतो. शेण कुजून गॅस झाला की ड्रम वर उचलला जातो, गॅस वापरला की तो खाली बसतो. काकू सकाळी उठल्यावर तोंड धुण्याआधी गोठ्याला वळसा घालून ड्रम बघून येई. हातभर चढलेला असला तर दोन्ही वेळचा स्वयंपाक, वीतभर असला तर एका वेळचा.

आदिलाबादच्या डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून काकांना सांगितले होते की यापुढे हिला धूर चालणार नाही. गोळ्या एखाद्या दिवशी चुकल्या तरी निभावेल, धुराने निभावणार नाही. घरात सिलिंडर होते, पण रिकामे झाले की ते मंडलाच्या, म्हणजे तिकडच्या तालुक्याच्या, ठिकाणी न्यावे लागे आणि भरलेले कधी मिळेल याचा नेम नसे. काकांचा भरवसा ड्रमवर होता.

ड्रम न चढण्याचे मूळ कारण साधे होते. टाकी बांधली तेव्हा गोठ्यात आठ जनावरे होती. नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली तशी ती कमी होत गेली आणि शेवटी एक गाय आणि एक म्हातारा बैल उरला. आठ जनावरांची टाकी दोन जनावरांच्या शेणावर चालत नाही.

ती काही काळ चालली, त्याचे कारण आमचे दैनिक.

मी महाराष्ट्रात एका मराठी दैनिकात उपसंपादक आहे. आमचा अंक सीमेपलीकडच्या या गावांत एक दिवस उशिरा, बसने पोचतो. काका तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचत. काकूच्या या फोनच्या दोन वर्षे आधी, शेतातल्या आणि घरातल्या कचऱ्यापासून गॅस कसा करावा, याचे एक प्रसिद्धिपत्रक कार्यालयात आले होते. मी ते नीट करून शेतीच्या पानावर लावले. काकांनी ते ब्लेडने कापले आणि शेगडीच्या वर भिंतीला जोवारीच्या पिठाच्या खळीने चिकटवले. काकूला वाचता येत नाही. तिने मला फोनवर सांगितले, "हे मनतात, कुटार चालते, पाला चालते, उष्टं चालते. बाबूनं छापलं हाय, मने." त्या घरात मला बाबू म्हणतात.

त्या दिवसापासून शेणाबरोबर टाकीत तुरीचे कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, जाऊ लागले. कडब्याचे तुकडे, भाजीची देठे, सडलेली वांगी गेली. शेजाऱ्यांच्या मुलीच्या लग्नातले उष्टे दोन पिंप भरून गेले. सुरुवातीला ड्रम खरोखर चढला. काकांनी मला मुद्दाम फोन केला होता. "इतका चढला का वरून वीट ठेवा लागली," ते म्हणाले. वीट ठेवल्याने शेगडीची ज्योत मोठी होते. त्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात काकूला एकदाही दवाखान्यात न्यावे लागले नाही.

नंतर ड्रम हळूहळू बसत गेला. पाण्यात टाकलेला कडबा बुडत नाही. तो वर तरंगतो, कुटार त्याला धरून राहते, शेण दोघांना सांधते. वर्षभरात टाकीतल्या शेणावर हातभर जाडीचा थर झाला. खाली गॅस होत होता, पण थर त्याला वर येऊ देत नव्हता.

फोननंतर मी चार दिवसांची रजा टाकून गेलो. काकू अंगणात चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. दोन भाकरींच्या मध्ये ती पदर तोंडाला लावून मागे सरकत होती. मी पाया पडलो. तिने बोलायचे टाळून हातानेच आशीर्वाद दिला.

माझ्या येण्याआधीच ड्रम काढून झाला होता. सहा माणसांनी बांबूंवर उचलून तो गोठ्याच्या भिंतीशी आडवा टाकला होता. आतून तो गंजला होता, पण भोक पडलेले नव्हते. टाकी तीन दिवस उघडी होती. जनावरे कमी झाल्यापासून आतले शेण खाली गेले होते, थर काठाखाली गळ्याइतक्या खोलीवर होता. तो वरून वाळून भेगाळला होता आणि त्यावर एक कावळा चालत होता.

"तीन दिस हवा लागू देली," काका म्हणाले. "उद्या सकाळी थर काढतो. परवा ड्रम बसवतो. आठ दिसात इची चूल बंद."

काका आजूबाजूच्या गावांत विहिरीतला गाळ काढणारे म्हणून माहीत होते. दर उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की त्यांना बोलावणे येई. त्यांची पद्धत ठरलेली होती. विहीर कोणाचीही असो, कितीही उथळ असो, आधी दोराला कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा आणि एक बिडी ओढून होईपर्यंत थांबायचे. कंदील विझला तर कोणी उतरायचे नाही. जळत राहिला तर उतरायचे. एकदा एका जुन्या विहिरीत कंदील अर्ध्यावर विझला, तेव्हा काकांनी उतरायला निघालेल्या दोन माणसांना हाताला धरून मागे ओढले होते. ती दोघे पुढे दर दिवाळीला त्यांच्याकडे फराळ घेऊन येत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत, काकांनी कंदील पेटवला. मी होतो, काकू होती आणि लग्नघरचे उष्टे देणारा शेजारी होता. तो काकांच्या वयाचा, त्यांच्याबरोबर शाळेत बसलेला.

"काय गा," शेजारी म्हणाला, "इहिरी संपल्या म्हनून आता शेनात उतरून राह्यला का?"

"तुया पोरीच्या लग्नातलं उष्टं हाय खाली. काढून देतो, घरी ने."

"बुंदी होती बाप्पा थ्यात. लाडू वळून दे."

काकू हसली आणि त्या हसण्याने तिला खोकला आला. ती भिंतीला हात टेकून उभी राहिली. ती थांबेपर्यंत काकांनी दोर हातातच धरून ठेवला.

मी विचारले, "काकाजी, मंडलाच्या ऑफिसात विचारलं का? त्यांची माणसं असतील ना या कामाची?"

"त्याहीले दरखास्त द्या, मंग थे येतीन पाह्याले, मंग पावसाळा येईन." ते दोराची गाठ बघत होते. "तू काऊन भेऊन राह्यला? शेनच त हाय."

मलाही तसेच वाटत होते. शहरात मैल्याच्या टाक्यांत उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या मी अनेकदा लावल्या होत्या. मथळे दिले होते. पण तो मैला होता, आणि हे शेण होते. आमच्याकडे शेणाने अंगण सारवतात, शेणाचा हात लागला तर कोणी हात धुवायला पळत नाही. मैल्याच्या टाकीची बातमी आणि काकांच्या घरामागची टाकी या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी कधी ठेवल्याच नव्हत्या.

काकांनी कंदील सोडला. तो थराच्या वर वीतभर अंतरावर लोंबत राहिला. त्यांनी बिडी पेटवायला काडीपेटी काढली, मग टाकीकडे बघून ती परत खिशात ठेवली. गॅस पेटतो हे त्यांना माहीत होते, एवढी काळजी त्यांनी घेतली. कंदील तरीही चालला. बिडीऐवजी त्यांनी तंबाखू मळली. आम्ही सगळे वाकून ज्योतीकडे बघत होतो. ती हललीही नाही.

"पाह्य," ते मला म्हणाले. "पेपर खोटा बोलन, कंदील नाई बोलत."

कंदील खोटे बोलला नव्हता. ज्या हवेत तो लोंबत होता ती हवा चांगली होती. वाईट हवा थराखाली होती, आणि थर अजून फुटला नव्हता. विहिरीत असा थर नसतो, म्हणून विहिरीची परीक्षा तिथे पुरते. ही गोष्ट त्या अंगणात उभ्या असलेल्या चौघांपैकी कोणालाही माहीत नव्हती.

मी कंदील वर ओढून टाकीच्या काठावर ठेवला. काकांनी धोतर वर खोचले आणि बांबूची शिडी लावली. शेजारी म्हणाला, "दोर बांध कमरीले."

"दीड पुरुषाले काय दोर बांधतं?" काका म्हणाले आणि उतरले.

थर त्यांचे वजन पेलत नव्हता. ते शिडीच्या पायरीवरच उभे राहिले आणि तिथून खोऱ्याने घाव घालू लागले. पहिल्या दोन घावांत वरची वाळलेली खपली निघाली. तिसरा घाव आत गेला. खोरे ओढताना खालून काळे पाणी बुडबुड्यांसकट वर आले. सडक्या अंड्यांचा वास काठापर्यंत आला आणि लगेच गेला. शेजाऱ्याने नाकाला हात लावून काहीतरी थट्टेचे म्हणायला तोंड उघडले होते.

काका शिडीला धरून खाली बसले. पाय दमल्यावर माणूस बसतो तसे. मग शिडीवरचा हात सुटला आणि ते कडेने थरात गेले. त्यांनी आवाज दिला नाही. हात मारले नाहीत. माझ्या अंदाजाने तिसऱ्या घावापासून इथपर्यंत माणूस दहा आकडे मोजेल एवढा वेळ गेला असेल.

शेजारी शिडीवर पाय ठेवत होता. काकूने त्याचा सदरा मागून दोन्ही हातांनी धरला. ती ओरडली नाही, ओरडण्याएवढा श्वास तिच्याकडे नव्हता. ती फक्त "नाई, नाई" म्हणत मागे ओढत राहिली. तिचा नवरा आत होता आणि ती दुसऱ्या माणसाला आत जाऊ देत नव्हती. तिने त्या क्षणी काय ओळखले, हे मी तिला नंतर कधी विचारले नाही. ती धरून राहिली नसती तर शेजारी गेला असता, आणि त्याच्यामागून मी.

गावातली माणसे धावून आली. कोणीतरी विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा गळ आणला. बांबूंनी थर बाजूला ढकलत, तो गळ टाकत आणि ओढत बराच वेळ गेला. शेवटी तो काकांच्या खोचलेल्या धोतराच्या गाठीत अडकला. हा गळ त्यांचा स्वतःचाच होता.

जीपने उटनूरच्या सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी मनगट धरले, डोळ्यांत बॅटरी टाकली आणि वेळ लिहिली.

दुपारी पोलीस पंचनाम्याला आले. तो तेलुगूत लिहिला गेला आणि आम्हाला हिंदीत वाचून दाखवला गेला. टाकीची खोली, रुंदी, शिडीच्या पायऱ्या, खोरे एक, बांबू तीन, गळ एक, दोर एक. शेवटी कॉन्स्टेबल काठाकडे बघून थांबला आणि वाचले, "कंदील एक, जलता हुआ." आम्ही सगळ्यांनी तिकडे पाहिले. उन्हात ज्योत दिसत नव्हती. सकाळपासून तो कोणी विझवलाच नव्हता. त्याने वात खाली करून तो विझवला आणि आम्ही सह्या केल्या.

उघडी टाकी धोक्याची आहे, ती आजच्या आज झाका, असे पोलिसांनी बजावले होते. प्रेत घरी यायच्या आधी सहा माणसांनी ड्रम उचलून परत टाकीवर घातला. थर काढायचा राहिला होता. त्याचा त्या वेळी कोणी विचार केला नाही.

संध्याकाळी मी कार्यालयाला फोन करून बातमी सांगितली. पलीकडे सहकारी टाइप करत होता. सात ओळी झाल्या. वय विचारले तेव्हा मला काकूला विचारावे लागले.

तेरा दिवस घरात चूल पेटली नाही. गावातून डबे येत. धूर नव्हता, म्हणून काकू त्या तेरा दिवसांत सर्वांत कमी खोकली. बघायला आलेल्या बायका तिला म्हणत, "रड माय, मोकळी हो." ती शेगडीच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून असे.

त्या खोलीत मी ते कात्रण पाहिले. खळीमुळे ते पिवळे पडले होते. मजकूर "पालापाचोळा, कुटार, उष्टे अन्न, भाजीची देठे, सर्व काही चालते" या वाक्यापाशी संपत होता. त्याच्या खाली बियाण्याची अर्धी जाहिरात होती.

वृत्तपत्रात मजकूर खालून कापतात. महत्त्वाचे आधी आणि कमी महत्त्वाचे शेवटी लिहिलेले असते, म्हणून जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद काढायचा. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. कामावर परतल्यावर मी ते मूळ प्रसिद्धिपत्रक शोधले. त्याला आणखी एक परिच्छेद होता. त्यात लिहिले होते की कडबा आणि कुटार बारीक करून, पाण्यात कुजवूनच टाकावे, नाहीतर थर धरतो, थर धरल्यास टाकीत माणसाने उतरू नये, टाकी कितीही दिवस उघडी असली तरी उतरू नये, कृषी कार्यालयाला कळवावे. छापील सहा ओळी झाल्या असत्या. त्या दिवशी उशिरा जाहिरात आली होती आणि पानात सहा ओळी जास्त होत होत्या. कापणारा मीच होतो. त्या सकाळी टाकीच्या काठावर मला त्या ओळी आठवल्या नाहीत. एका दिवसात मी इतका मजकूर कापतो की त्यातला कुठलाच आठवत नाही.

त्या ओळी वाचून काका थांबले असते की नाही, हे सांगता येत नाही. कार्यालयांबद्दल त्यांचे मत वर दिले आहे.

तेरवीनंतर काकूने चूल पेटवली. महिनाभराने तिचा फोन आला.

"ड्रम चढला," ती म्हणाली.

मला वाटले मी चुकीचे ऐकले. "किती?"

"हातभर."

थर फुटला होता. तो आधी काकांनी आणि मग त्यांना काढणाऱ्यांनी फोडला होता. खाली वर्षभर कुजलेले होते, त्याला वाट मिळाली.

मी गेलो तेव्हा गोठ्याजवळ मुरमाने भरलेली ट्रॉली उभी होती. शेजाऱ्याने ती टाकी बुजवायला आणली होती. गावातल्या वडीलधाऱ्यांचे तसेच मत पडले होते. त्यांचे म्हणणे, ज्या टाकीने माणूस नेला तिच्यावर शिजलेले अन्न खाऊ नये. काकूने ट्रॉली रिकामी करू दिली नव्हती.

"तू शिकेल हायस," ती मला म्हणाली. "तू सांग. बुजवू का?"

मी तिला आधी ते सहा ओळींचे सांगितले. प्रसिद्धिपत्रकाची प्रत मी बरोबर नेली होती. ती वाचून दाखवली, कोणी कापले ते सांगितले. शेजारी उभा राहून ऐकत होता. वाचून झाल्यावर काकूने कागद माझ्या हातातून घेतला.

"हे त्याहीनं वाचलंच नाई मंग," ती म्हणाली.

"नाही."

"तू कापलं."

"हो."

ती उठली, पिठाच्या डब्यातून मूठभर पीठ काढून तिने खळ केली आणि वाटी माझ्यापुढे ठेवली. "लाव थ्याच्या खाली," ती म्हणाली. मी कात्रणाखाली, बियाण्याच्या जाहिरातीवर, तो कागद चिकटवला. मग तिने शेगडीचा कॉक फिरवला आणि काडी ओढली. ज्योत निळी होती. शेजारी उंबऱ्यापर्यंत आला, त्याने ज्योतीकडे पाहिले आणि तो ट्रॅक्टर सुरू करून ट्रॉली घेऊन गेला.

त्या दिवशी दोन्ही वेळचा स्वयंपाक गॅसवर झाला. काकू खोकली नाही. पहिल्या भाकरीचा तुकडा तिने काकांच्या नावाने बाजूला काढला, तसा ती आधी महिनाभर चुलीवरच्या भाकरीचाही काढत होती. अंधार पडेपर्यंत ड्रम पूर्ण खाली बसला होता.

मी गायीचे आणि म्हाताऱ्या बैलाचे शेण गोळा करून पाण्यात कालवले आणि टाकीत सोडले. दोन घमेली झाले. कुटार टाकले नाही. सकाळी काकू गोठ्याला वळसा घालून ड्रम बघून आली आणि तिने चार बोटे दाखवली. चार बोटांवर चहा झाला आणि भाजी झाली. भाकरींसाठी तिने अंगणात पऱ्हाट्या मोडल्या.